वाचकांचे प्रश्न : श्रीहरिकोट्याचे बेट

या अंकासाठी आलेल्या पत्रांत श्रीहरिकोट्याच्या प्रक्षेपणतळासंबंधीची पत्रे सर्वांत जास्त आहेत. शाळकरी मुलांपासून निवृत्त शिक्षकांपर्यंत अनेकांनी लिहिले आहे. बरेचसे प्रश्न एकमेकांना लागून असल्यामुळे काही ठिकाणी एकाच पत्राखाली इतरांचेही समाधान करण्याचा प्रयत्न केला आहे.

प्रश्न : २०२२ च्या गुढीपाडव्याला संध्याकाळी आमच्या तालुक्यात आकाशातून जळते गोळे जाताना दिसले आणि लाडबोरी गावात धातूचे मोठे कडे येऊन पडले. ते श्रीहरिकोट्याहून सोडलेल्या रॉकेटचे होते, असे आजही काही जण सांगतात. हे खरे आहे काय? पुन्हा असे घडले तर गावकऱ्यांनी काय करावे?
— एक शेतकरी, ता. सिंदेवाही, जि. चंद्रपूर

उत्तर : नाही, ते तुकडे श्रीहरिकोट्याहून उडालेल्या रॉकेटचे नव्हते. २ एप्रिल २०२२ च्या त्या संध्याकाळी महाराष्ट्राच्या आणि मध्य प्रदेशाच्या मोठ्या भागातून जे दिसले, तो चीनच्या चँग झेंग ३बी या रॉकेटचा तिसरा टप्पा वातावरणात शिरून जळत होता, असा निष्कर्ष अवकाशातील वस्तूंवर नजर ठेवणाऱ्या अभ्यासकांनी काढला. हे रॉकेट फेब्रुवारी २०२१ मध्ये चीनमधील शीचांग येथून सुटले होते. उपग्रह सोडून दिल्यावर त्याचा रिकामा टप्पा वर्षभराहून अधिक काळ पृथ्वीभोवती फिरत राहिला, विरळ हवेच्या घर्षणाने त्याची कक्षा हळूहळू खाली येत गेली आणि अखेरीस तो आपल्या डोक्यावर कोसळला. लाडबोरीचे कडे सुमारे ३ मीटर व्यासाचे होते आणि त्या टप्प्याचा व्यासही तेवढाच असतो. पवनपार व आजूबाजूच्या परिसरात जमिनीवर मिळालेले धातूचे गोळे म्हणजे दाबाखालील वायू साठवण्याच्या टाक्या. त्या पोकळ आणि अतिशय मजबूत असल्यामुळे पुष्कळदा पूर्ण न जळता जमिनीपर्यंत पोहोचतात. इस्रोच्या शास्त्रज्ञांनी तेव्हा येऊन या वस्तूंची पाहणीही केली होती.

श्रीहरिकोट्याहून निघणारे रॉकेट पूर्वेला किंवा आग्नेयेला जाते आणि त्याचे खालचे टप्पे समुद्रात पडतात. विदर्भ त्या तळाच्या उत्तरेला असल्यामुळे त्या वाटेत येतच नाही. मात्र कक्षेत पोहोचलेला वरचा टप्पा, मग तो कोणत्याही देशाचा असो, परत येताना कोठेही येऊ शकतो, आणि या बाबतीत आपल्या देशाकडेही बोट दाखवता येते. २०२३ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या पश्चिम किनाऱ्यावर वाहत आलेला एक मोठा धातूचा नळकांडीसारखा भाग आपल्याच पीएसएलव्ही रॉकेटच्या तिसऱ्या टप्प्याचा होता. अशा गोष्टी कमी व्हाव्यात म्हणून इस्रोने जानेवारी २०२४ च्या पीएसएलव्ही-सी५८ उड्डाणानंतर त्याचा शेवटचा टप्पा मुद्दाम खालच्या कक्षेत आणला आणि मार्चमध्ये तो वातावरणात शिरून संपला. ही पद्धत प्रत्येक देशाने पाळावी, असे लाडबोरीची घटना घडल्यानंतर तरी आपण आग्रहाने म्हणू शकतो.

आपल्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर थोडक्यात द्यायचे तर अशा वस्तूला हात लावू नये, ती घरी नेऊ नये आणि भंगारात तर मुळीच देऊ नये, कारण काही टाक्यांत हायड्रॅझीनसारख्या विषारी इंधनाचा अंश राहिलेला असू शकतो. मुलांना व गुरांना दूर ठेवावे आणि पोलीस पाटलांमार्फत तहसील कार्यालयाला लगेच कळवावे. १९७२ च्या आंतरराष्ट्रीय करारानुसार अवकाशातून पडलेल्या वस्तूने जमिनीवर नुकसान झाले, तर भरपाईची जबाबदारी ती वस्तू सोडणाऱ्या देशावर असते, म्हणून पंचनामा आणि छायाचित्रे यांनाही महत्त्व आहे.

प्रश्न : आपल्याकडे माळरान आणि पडीक जमीन भरपूर आहे, आणि समुद्रकिनाऱ्यावर तर चक्रीवादळे येतात. मग देशाच्या मध्यावर, नागपूरच्या आसपास, रॉकेटचा तळ का केला नाही?
— बारावी विज्ञान शाखेचा विद्यार्थी, ता. आर्णी, जि. यवतमाळ

उत्तर : या प्रश्नाचे उत्तर बहुतेक पुस्तकांत ‘विषुववृत्ताच्या जवळ असल्यामुळे’ असे एका ओळीत दिलेले असते. ते चूक नाही, पण अपुरे आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते, त्यामुळे पूर्वेकडे सोडलेल्या रॉकेटला तिचा वेग फुकट मिळतो. हा वेग विषुववृत्तावर सेकंदाला सुमारे ४६५ मीटर, श्रीहरिकोट्याच्या १३.७ अंश अक्षांशावर सुमारे ४५२ मीटर आणि नागपूरला सुमारे ४३४ मीटर आहे. म्हणजे दोन्ही ठिकाणांतला फरक सेकंदाला फक्त १८ मीटरचा, आणि पृथ्वीजवळच्या कक्षेत राहण्यासाठी तर सेकंदाला जवळजवळ ७,८०० मीटर वेग लागतो. विषुववृत्ताच्या वर स्थिर राहणाऱ्या उपग्रहांना कक्षेचा कल बदलण्यासाठी कमी इंधन लागते, हा फायदा याहून मोठा आहे. तरीही केवळ अक्षांशासाठी कोणी चक्रीवादळांच्या किनाऱ्यावर जाऊन बसले नसते.

जागा ठरवताना सर्वांत आधी पाहावे लागते ते हे की टाकून दिलेले टप्पे, किंवा बिघडलेले संपूर्ण रॉकेट, कोणाच्या डोक्यावर पडेल. उड्डाणानंतर साधारण दोन मिनिटांतच पहिला टप्पा सुटतो. नागपूरहून सरळ पूर्वेला समुद्र सुमारे ८०० किलोमीटर दूर आहे आणि मध्ये भंडारा, गोंदिया, छत्तीसगड आणि ओडिशाची गावे, शेते, जंगले आहेत. अनेक टन वजनाची नळकांडी दर उड्डाणाला या गावांच्या आसपास पडू लागली, तर काय होईल याची कल्पना सिंदेवाहीच्या वाचकांना करून देण्याची गरज नाही. चीनचे शीचांग केंद्र देशाच्या आतल्या भागात आहे आणि तिथून सुटलेल्या रॉकेटांचे टप्पे वस्त्यांजवळ पडल्याच्या घटना घडल्या आहेत. श्रीहरिकोट्याच्या पूर्वेला मात्र उघडा बंगालचा उपसागर आहे आणि पश्चिमेला पुलिकत सरोवराचे पाणी.

आपला पहिला तळ खरे तर केरळात, तिरुवनंतपुरमजवळच्या थुंबा येथे होता. २१ नोव्हेंबर १९६३ रोजी तिथून अमेरिकन बनावटीचे नायके-अपाची हे छोटे रॉकेट उडाले. पृथ्वीचे चुंबकीय विषुववृत्त थुंब्याजवळून जात असल्याने वरच्या वातावरणाचा अभ्यास करण्यासाठी ती जागा फार सोयीची होती. पण थुंबा पश्चिम किनाऱ्यावर आहे, त्याच्या पूर्वेला तमिळनाडूची वस्ती आहे, त्यामुळे उपग्रह कक्षेत नेणारी मोठी रॉकेटे तिथून पूर्वेकडे सोडणे शक्य नव्हते. विक्रम साराभाई यांच्या काळात, १९६९ साली, पूर्व किनाऱ्यावरील श्रीहरिकोटा बेटाची निवड झाली ती यासाठी. ९ ऑक्टोबर १९७१ रोजी रोहिणी-१२५ या छोट्या रॉकेटच्या उड्डाणाने तळाचे काम सुरू झाले. त्याच वर्षी डिसेंबरात साराभाईंचे निधन झाले, आणि पुढे १९७२ ते १९८४ या काळात इस्रोची धुरा वाहणारे सतीश धवन यांचे नाव ५ सप्टेंबर २००२ पासून या केंद्राला देण्यात आले.

या जागेलाही एक अडचण आहे. ध्रुवांवरून जाणाऱ्या कक्षेसाठी रॉकेट दक्षिणेला पाठवावे लागते आणि श्रीहरिकोट्याच्या नेमके दक्षिणेला श्रीलंका आहे. म्हणून पीएसएलव्ही आधी आग्नेयेला जाते आणि श्रीलंकेला वळसा घातल्यावर दक्षिणेकडे वळते. या वळणात इंधन खर्च होते आणि तेवढे उपग्रहाचे वजन कमी करावे लागते. मोठ्या रॉकेटला हे परवडते, पण छोट्या एसएसएलव्हीला ते फार महाग पडते. तमिळनाडूतील कुलशेखरपट्टणम येथे २८ फेब्रुवारी २०२४ रोजी दुसऱ्या तळाची पायाभरणी झाली, ती मुख्यतः याच कारणाने, कारण तिथून दक्षिणेकडे थेट मोकळा समुद्र आहे.

प्रश्न : आमचे गाव गोसीखुर्द धरणात गेले. श्रीहरिकोट्यावर आधी कोणीच राहत नव्हते, असे एका भाषणात ऐकले. खरेच ते बेट ओसाड होते काय?
— एक प्रकल्पग्रस्त वाचक, ता. पवनी, जि. भंडारा

उत्तर : बेट ओसाड नव्हते. तिथे यानादी आदिवासी पिढ्यान्‌पिढ्या राहत होते. मासेमारी, कंदमुळे, मध आणि औषधी वनस्पती यांवर त्यांचे जीवन चालत असे, आणि त्या जंगलातील वनस्पतींची त्यांची जाण अभ्यासकांनीही नोंदवलेली आहे. तळासाठी जमीन घेण्यात आली तेव्हा बेटावरच्या वस्त्या हलवण्यात आल्या. वस्ती विरळ होती हे खरे आणि जागा निवडताना ते एक कारणही होते, परंतु विरळ वस्ती आणि निर्मनुष्य जागा यांत किती अंतर असते, हे आपल्याइतके कोणाला कळणार? देशाला या तळाची गरज होती, हे मी मनापासून मानतो. म्हणूनच त्याचा इतिहास सांगताना १९७१ च्या पहिल्या उड्डाणाआधी यानादींचे नाव आले पाहिजे, असेही मला वाटते.

प्रश्न : दूरदर्शनवर फक्त रॉकेट उडताना दिसते. त्या बेटावर याखेरीज काय काय आहे? विद्यार्थ्यांना समजावून सांगता येईल असे लिहावे.
— एक शिक्षिका, ता. देवळी, जि. वर्धा

उत्तर : बेटावरचा सर्वांत मोठा कारखाना बहुतेकांना माहीतच नसतो, म्हणून सुरुवात तिथून करतो. मोठ्या रॉकेटचे घन इंधन श्रीहरिकोट्यावरच तयार होते. अमोनियम परक्लोरेट नावाचे प्राणवायू पुरवणारे स्फटिक, ॲल्युमिनियमची बारीक पूड आणि रबरासारखा चिकट बांधणारा पदार्थ मोठ्या यंत्रांत एकत्र घोटला जातो. दाट लगद्यासारखे हे मिश्रण पोलादी कवचात ओतून उष्ण कक्षात बरेच दिवस पिकू दिले की ते घट्ट रबरासारखे होते. कवचाच्या मधोमध एक साचा उभा ठेवलेला असतो आणि तो काढून घेतल्यावर इंधनात आरपार पोकळी राहते. पेटलेले इंधन या पोकळीच्या भिंतीकडून बाहेर जळत जाते, त्यामुळे पोकळीचा आकार गोल ठेवायचा की चांदणीसारखा, यावर रॉकेटचा जोर कोणत्या क्षणी किती असेल हे ठरते. चंद्रयान-३ नेणाऱ्या एलव्हीएम-३ रॉकेटच्या दोन्ही बाजूंना जे पांढरे खांब दिसले, त्या प्रत्येकात असे सुमारे २०० टन इंधन होते. एकदा पेटले की ते विझवता येत नाही.

हे काम किती जोखमीचे आहे, हे फेब्रुवारी २००४ मध्ये दिसले. तिथल्या घन इंधनाच्या विभागातील दुर्घटनेत सहा जणांचे प्राण गेले. म्हणूनच धोक्याची कामे दूरवरच्या कक्षातून यंत्रांमार्फत केली जातात आणि इमारती एकमेकींपासून लांब लांब ठेवलेल्या असतात. आपल्याच तालुक्यातील पुलगावच्या दारूगोळा भांडाराचा विस्तार ज्यांनी बाहेरून पाहिला आहे, त्यांना एवढी जागा का लागते हे लगेच उमगेल.

सगळेच भाग मात्र तिथे बनत नाहीत. रॉकेटचा आराखडा आणि बरीचशी बांधणी तिरुवनंतपुरमला होते, द्रव इंधनाच्या इंजिनांच्या चाचण्या तमिळनाडूतील महेंद्रगिरीला होतात आणि उपग्रह बंगळुरूहून येतात. पोलादी कवचे बनवण्यात पुणे जिल्ह्यातील वालचंदनगरच्या कारखान्याचा आणि ‘विकास’ नावाची द्रव इंधनाची इंजिने बनवण्यात मुंबईच्या गोदरेजचा मोठा वाटा आहे, हे मुलांना आवर्जून सांगावे.

जोडणीच्या दोन पद्धती आहेत. पहिल्या लाँचपॅडवर रॉकेट जागेवरच, टप्प्यावर टप्पा ठेवून, उभे केले जात असे. त्याभोवती रुळांवर चालणारा उंच मनोरा असतो आणि उड्डाणापूर्वी तो मागे सरकवला जातो. या पद्धतीत एक रॉकेट उभे असेपर्यंत पॅड अडकून पडते. म्हणून २००५ मध्ये दुसरे लाँचपॅड सुरू झाले, त्या वेळी वेगळी पद्धत आणली गेली. सुमारे एक किलोमीटरवर असलेल्या उंच जोडणी इमारतीत संपूर्ण रॉकेट एका फिरत्या चौथऱ्यावर उभे करायचे आणि मग तो चौथरा रॉकेटसह रुळांवरून हळूहळू पॅडपर्यंत न्यायचा. ५ मे २००५ रोजी पीएसएलव्ही-सी६ हे इथून उडालेले पहिले रॉकेट. चंद्रयान-२ आणि चंद्रयान-३ ही दोन्ही दुसऱ्या पॅडवरून गेली, मंगळयान पहिल्या पॅडवरून गेले. आता पहिल्या पॅडसाठीही वेगळी जोडणी इमारत झाली आहे, आणि आणखी मोठ्या रॉकेटांसाठी तिसऱ्या लाँचपॅडला केंद्रीय मंत्रिमंडळाने १६ जानेवारी २०२५ रोजी ३,९८४.८६ कोटी रुपयांच्या खर्चासह मंजुरी दिली आहे. बेटावर खासगी उद्योगालाही जागा मिळाली आहे. अग्निकुल या कंपनीने स्वतःच्या पॅडवरून ३० मे २०२४ रोजी छोटे रॉकेट उडवले.

याशिवाय द्रव इंधन साठवण्याच्या टाक्या आहेत. त्यांतला द्रव हायड्रोजन उणे २५३ अंश तापमानाला ठेवावा लागतो. रॉकेटचा माग काढणारी रडार आहेत आणि नियंत्रण केंद्र आहे. हवामान खाते तर मोठेच. वाऱ्याचा अंदाज घेण्यासाठी उड्डाणाआधी फुगे सोडले जातात, विजेपासून रक्षणासाठी पॅडभोवती उंच मनोरे उभारलेले आहेत, आणि तिथल्या डॉप्लर रडारचा उपयोग किनाऱ्यावर येणारी चक्रीवादळे टिपण्यासाठीही होतो. तिथला मुख्य पाऊस आपल्यासारखा आषाढ-श्रावणात नसून ऑक्टोबर-नोव्हेंबरात असतो.

प्रश्न : बिघडलेले रॉकेट आपलेच शास्त्रज्ञ आकाशात फोडून टाकतात, असे वाचले. एवढा खर्च केलेले रॉकेट वाचवण्याचा प्रयत्न का करत नाहीत?
— इयत्ता दहावीचा विद्यार्थी, ता. मेहकर, जि. बुलढाणा

उत्तर : वाट सोडलेले रॉकेट वाचवता येत नाही, आणि ते जमिनीकडे वळले तर माणसे वाचवता येत नाहीत. उड्डाणाच्या वेळी सुरक्षा अधिकारी एका वेगळ्या पडद्यावर रॉकेटच्या मार्गावर नजर ठेवून असतात. त्या पडद्यावर काही मर्यादारेषा आधीच आखलेल्या असतात. रॉकेट त्या रेषेकडे झुकले की रेडिओ संदेश पाठवून त्याची कवचे फोडली जातात, त्यामुळे जोर संपतो आणि तुकडे समुद्रात पडतात. २५ डिसेंबर २०१० रोजी जीएसएलव्ही-एफ०६ च्या बाबतीत असेच करावे लागले. वरच्या टप्प्याच्या बुडाशी असलेल्या विजेच्या जोडण्या वेळेआधी तुटल्या, त्यामुळे खालच्या इंजिनांना संगणकाच्या आज्ञा पोहोचेनात, आणि उड्डाणानंतर साधारण मिनिटभराने ते नष्ट करण्यात आले. नाताळच्या दिवशी, साऱ्या देशासमोर, असा निर्णय काही क्षणांत घेणाऱ्या माणसांबद्दल मला अतिशय आदर वाटतो.

आपण दहावीत आहात म्हणून आणखी एक गोष्ट लिहितो. १० ऑगस्ट १९७९ रोजी श्रीहरिकोट्याहून सोडलेले पहिले एसएलव्ही-३ रॉकेट समुद्रात कोसळले, कारण दुसऱ्या टप्प्याच्या नियंत्रण यंत्रणेतील आम्ल गळून गेले होते. प्रकल्पाचे संचालक होते ए. पी. जे. अब्दुल कलाम. पत्रकारांसमोर अपयशाची जबाबदारी सतीश धवन यांनी स्वतःवर घेतली, आणि १८ जुलै १९८० रोजी ३५ किलो वजनाचा रोहिणी उपग्रह कक्षेत पोहोचला तेव्हा पत्रकारांशी बोलायला त्यांनी कलामांना पुढे केले. कलामांनी हा प्रसंग पुढे अनेकदा सांगितला आहे. त्या बेटावरून शंभरावे उड्डाण २९ जानेवारी २०२५ रोजी झाले.

प्रश्न : सिरोंच्याहून श्रीहरिकोट्याचे रॉकेट दिसू शकते काय?
— एक वाचक, ता. सिरोंचा, जि. गडचिरोली

उत्तर : गणिताने दिसू शकते. श्रीहरिकोटा आपल्या जवळजवळ सरळ दक्षिणेला, सुमारे ५७० किलोमीटरवर आहे. पृथ्वीच्या गोलाईमुळे रॉकेट साधारण २५ किलोमीटर उंचीवर गेल्याशिवाय आपल्या क्षितिजाच्या वर येणार नाही. ही उंची ते दीड मिनिटाच्या आत गाठते. पुढे १०० किलोमीटरवर पोहोचले तरी आपल्याकडून ते क्षितिजापासून जेमतेम पाच अंशांवर, म्हणजे हात लांब करून आडव्या धरलेल्या तीन बोटांच्या उंचीवर असेल आणि आग्नेयेकडे सरकत जाईल. दिवसा ते दिसण्याची आशा धरू नये. फेब्रुवारी २०२२ मध्ये पीएसएलव्ही-सी५२ पहाटे ५ वाजून ५९ मिनिटांनी उडाले होते. अशा वेळी आपल्याकडे अंधार असतो आणि वरच्या धुरावर मात्र ऊन पडते, म्हणून तशी वेळ निवडावी. गोदावरीच्या काठावर, दक्षिणेचे क्षितिज झाडांनी झाकलेले नसेल अशा ठिकाणी उभे राहावे. दुर्बीण असल्यास उत्तम.

प्रश्न : आमच्या शाळेतील मुलांना प्रत्यक्ष उड्डाण दाखवायचे आहे. परवानगी मिळते काय, आणि जायचे कसे?
— एक मुख्याध्यापक, ता. अर्जुनी मोरगाव, जि. गोंदिया

उत्तर : मिळते. मार्च २०१९ पासून तिथे सामान्य नागरिकांसाठी पायऱ्यांची प्रेक्षक गॅलरी आहे. उड्डाणाची तारीख जाहीर झाल्यावर काही दिवस आधी केंद्राच्या संकेतस्थळावर नोंदणी उघडते. ती विनामूल्य असते, पण जागा फार लवकर भरतात, त्यामुळे मुलांची नावे आणि ओळखपत्रांचे क्रमांक आधीच लिहून तयार ठेवावेत. प्रवेशाच्या वेळी मूळ ओळखपत्र लागते. नवव्या वर्गातील मुलांसाठी इस्रोचा ‘युविका’ हा निवासी कार्यक्रमही आहे. त्याच्या निवडीत ग्रामीण भागातील शाळांच्या विद्यार्थ्यांना वेगळे गुण मिळतात, तेव्हा त्याचाही अर्ज जरूर भरावा.

आपल्याकडून जाण्यासाठी बल्लारशाहहून चेन्नईकडे जाणारी गाडी सोयीची आहे. याच मार्गावर गुडूरच्या पुढे सुल्लुरूपेटा स्थानक लागते, पण लांब पल्ल्याच्या अनेक गाड्या तिथे थांबत नाहीत, म्हणून गुडूरला किंवा चेन्नईला उतरून स्थानिक गाडीने यावे लागते. सुल्लुरूपेट्याहून बेटापर्यंतचा रस्ता पुलिकत सरोवराच्या पाण्यातून जातो. हिवाळ्यात त्या उथळ पाण्यात रोहित पक्ष्यांचे थवे उतरतात, ते मुलांना जरूर दाखवा. परतीची तिकिटे मात्र उड्डाणाच्याच रात्रीची काढू नका. चंद्रयान-२ चे उड्डाण १५ जुलै २०१९ च्या पहाटे ५६ मिनिटे शिल्लक असताना थांबवले गेले आणि २२ जुलैला झाले. ऑक्टोबर २०२३ मध्ये गगनयानाच्या चाचणीची उलटगणती अवघी पाच सेकंद उरली असताना संगणकाने थांबवली, आणि ते उड्डाण त्याच सकाळी दहा वाजता झाले. दोन दिवसांचा मुक्काम धरून निघालात, तर मुलांचा हिरमोड होण्याची शक्यता बरीच कमी होईल.